निर्वात-नलिकायुक्त ध्वनिवर्धकांची दुरुस्ती व जतन : तंत्र-इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन
(विशेष संदर्भ : महाराष्ट्रातील सार्वजनिक ध्वनिव्यवस्था व गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर)

सारांश :
विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला ध्वनिवर्धकाने मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. व्हॉल्व्हवर चालणारी ही यंत्रे आज बहुतांशी भंगारात गेली आहेत. इलेक्ट्रिक गिटारच्या क्षेत्रात मात्र त्याच तंत्राची जुनी यंत्रे दुरुस्त करून वापरली जातात व त्यांचे मोल वाढत आहे. जुने यंत्र हे इतिहासाचे साधन आहे आणि त्याची दुरुस्ती ही त्या साधनाचे वाचन करण्याची, तसेच ते नष्ट करण्याचीही क्रिया ठरू शकते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

बीजसंज्ञा : ध्वनिवर्धक, निर्वात-नलिका (व्हॉल्व्ह), दुरुस्ती, जतन, तंत्र-इतिहास.

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची परंपरा कागदपत्रांच्या शोधातून उभी राहिली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घरोघरची दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध केले. ज्यांच्या घरी ती दप्तरे होती त्यांपैकी अनेकांना त्यांचे मोल ठाऊक नव्हते. पुढे दा. ध. कोसंबी यांनी साधनांची कक्षा रुंदावली. आहत नाण्यांवरील चिन्हांबरोबरच त्यांनी नाण्यांचे वजनही तपासले. हातोहाती फिरताना नाणे झिजते, ही झीज मोजली की नाणे किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी दाखविले. वस्तूची झीज हाही एक लेख असतो, ही दृष्टी त्यातून इतिहासाच्या अभ्यासकाला मिळाली.

हीच दृष्टी विसाव्या शतकातील यंत्रांना लावली तर काय दिसते? या शतकातील सभा, संमेलने, कीर्तने, तमाशे, गणेशोत्सव व निवडणुका यांचा इतिहास भाषणांच्या व वृत्तपत्रांच्या आधारे लिहिला गेला. ज्या यंत्रामुळे वक्त्याचा शब्द मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला ते यंत्र, आणि ते चालू ठेवणारा कारागीर, या दोघांनाही त्या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या प्रसाराचा थोडक्यात आढावा घेणे.
२) सार्वजनिक ध्वनिव्यवस्था व गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर यांतील तांत्रिक नाते स्पष्ट करणे.
३) दुरुस्तीच्या प्रक्रियेतून मिळणाऱ्या ऐतिहासिक पुराव्याचे स्वरूप सांगणे.
४) अशा यंत्रांच्या जतनासाठी महाविद्यालयीन स्तरावर काय करता येईल याचा विचार करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विषय विवेचन :

१. ध्वनिवर्धकाचा उदय व प्रसार
जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन विद्युतअग्रांची निर्वात-नलिका तयार केली. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत तिसरे अग्र घातले. या जाळीवजा अग्रावर दिलेल्या क्षीण विद्युतसंकेताने नलिकेतील मोठा प्रवाह कमी-अधिक करता येतो. सर्व व्हॉल्व्ह ध्वनिवर्धकांचे मूळ या एका गोष्टीत आहे. १९१५ मध्ये जेन्सन व प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात कर्ण्याचा ध्वनिक्षेपक यशस्वी करून दाखविला. १९१९ मध्ये सॅन दिएगो येथे अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी अशाच यंत्राच्या साहाय्याने विराट सभेपुढे भाषण केले. राजकीय वक्तृत्वाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होय.

भारतात हे तंत्र लवकरच आले. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. सार्वजनिक सभांच्या संदर्भात मोटवाने कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ' या पेढीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. नाव परदेशी असले तरी ही पेढी सिंधमध्ये सुरू होऊन पुढे मुंबईत स्थिरावलेली देशी पेढी होती. १९३० च्या दशकापासून काँग्रेसच्या अधिवेशनांना व सभांना नानिक मोटवाने यांनी ध्वनिव्यवस्था पुरविली. त्या काळातील राष्ट्रीय नेत्यांच्या अनेक छायाचित्रांत ध्वनिग्राहकावर 'शिकागो' हे नाव ठळकपणे वाचता येते. दिल्लीत १९४० मध्ये स्थापन झालेल्या आहुजा या कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर व कर्णे पुढे देशभरच्या मंडपांत पोहोचले.

खेड्यांत या यंत्राचा प्रवास अधिक खडतर होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि ग्रामीण विद्युतीकरणाने त्यानंतर वेग घेतला. तोपर्यंत वीज नसलेल्या गावी ध्वनिवर्धक मोटारीच्या बॅटरीवर किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या जनित्रावर चालवावा लागे. बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टपासून व्हॉल्व्हला लागणारा काहीशे व्होल्टचा दाब निर्माण करण्यासाठी कंप पावणारी पट्टी किंवा फिरते परिवर्तक यंत्र वापरीत. धूळ, ऊन, बैलगाडीचे धक्के आणि अनियमित दाब यांना तोंड देत हे यंत्र चालविणे हे केवळ बटण फिरविण्याचे काम नव्हते. नेवासे तालुक्याच्या परिसरातील हरिनाम सप्ताह, देवगड व शनिशिंगणापूर येथील यात्रा, सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा आणि तमाशाचे फड यांचे आजचे ध्वनिमय रूप लक्षात घेतले, तर ध्वनिवर्धकाने ग्रामजीवनात केवढा बदल घडविला हे वेगळे सांगावे लागत नाही.

२. इतिहासातील कारागीर
१९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनातील काँग्रेस रेडिओ हे गुप्त नभोवाणी केंद्र सर्वपरिचित आहे. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईतून ४२.३४ मीटरवर प्रक्षेपण केले. पोलिसांना चुकविण्यासाठी केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. म्हणजेच प्रत्येक वेळी यंत्र उतरविणे, हलविणे व पुन्हा जुळविणे आले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेख वाडीत छापा पडला. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्रसामग्रीच्या साहाय्याबद्दल नानिक मोटवाने यांच्यावरही खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले. पोलिसांना केंद्राचा माग एका तंत्रज्ञाकडून लागला, असे या घटनेच्या वृत्तांतांत सांगितले जाते.

येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. जवळपास अडीच महिने हे यंत्र जिवंत ठेवणाऱ्या हातांविषयी सामान्य वाचकाला फारशी माहिती नसते. त्याच्या लक्षात राहतो तो फितूर झालेला तंत्रज्ञ. यंत्र बिनतक्रार चालत असेल तर ते चालविणारा अदृश्य असतो आणि ते बंद पडले किंवा पकडले गेले म्हणजेच त्याचे नाव निघते. दुरुस्ती करणाऱ्या वर्गाच्या इतिहासलेखनातील मूळ अडचण हीच आहे. त्याच्या कामाचे यश म्हणजे त्याच्या कामाचा मागमूस न राहणे होय. त्यामुळे त्याचा पुरावा कागदावर शोधण्याऐवजी यंत्राच्या पोटात शोधावा लागतो.

३. सभामंडप व गिटार : एकाच मंडलाचे दोन उपयोग
इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर हा सभामंडपातील ध्वनिवर्धकाचा जवळचा नातलग आहे. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये वाद्यनिर्मितीची कंपनी स्थापन केली. त्यांच्या 'बासमन' या अ‍ॅम्प्लिफायरच्या १९५० च्या दशकाअखेरीच्या मंडलावरून लंडनमधील जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२-६३ च्या सुमारास 'जेटीएम ४५' हा अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. अमेरिकी भागांच्या जागी ब्रिटनमध्ये मिळणारे भाग आले आणि त्यामुळे त्याचा आवाज निराळा झाला. दुरुस्तीच्या दुकानात घडणाऱ्या नकलेतून व स्थानिक पर्यायांतून नवी परंपरा जन्मास आल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

भारतातही पर्याय शोधणे ही नित्याची गरज होती. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यानंतर परदेशी वाद्ययंत्रे सहज मिळेनाशी झाली. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९६१ मध्ये रेडिओसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. 'ईएल ८४' हा व्हॉल्व्ह या संदर्भात लक्षणीय आहे. घरगुती रेडिओच्या अंतिम टप्प्यात तो सर्रास वापरला जाई आणि बीटल्स या वृंदाने प्रसिद्ध केलेल्या 'व्हॉक्स एसी ३०' या ब्रिटिश गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्येही असेच चार व्हॉल्व्ह असत. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरील किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर सर्वस्वी अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात इलेक्ट्रिक गिटारला मानाचे स्थान मिळाले. व्हॅन शिपली यांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी या वाद्यावर ध्वनिमुद्रित करून लोकप्रिय केल्या. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) या चित्रपटातील 'दम मारो दम' या गीताची गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजविली होती. १९७० च्या सुमारास 'सिमला बीट' सारख्या स्पर्धांतून तरुणांचे वाद्यवृंद पुढे आले.

या दोन्ही उपयोगांत एक मूलभूत भेद आहे. सभेत शब्द स्पष्ट ऐकू यावा लागतो. तेथे आवाज फाटणे हा दोष मानला जातो. उलट व्हॉल्व्हवर क्षमतेपेक्षा अधिक भार आला की लहरींची टोके हळूहळू दबतात, मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात आणि गिटारवादकाला नेमके हेच हवे असते. मंडपवाला ज्याला बिघाड म्हणतो त्याला वादक शैली म्हणतो. याचा अर्थ असा की, 'दुरुस्त यंत्र' ही कल्पना विद्युतशास्त्राइतकीच संस्कृतीवरही अवलंबून असते. यंत्र कोणासाठी व कशासाठी वापरले गेले हे जाणून घेतल्याशिवाय ते दुरुस्त करणे म्हणजे संदर्भ न पाहता जुन्या पोथीतील शब्द बदलण्यासारखे आहे.

४. दुरुस्तीची प्रक्रिया व तीतून मिळणारा पुरावा
अनेक वर्षे बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर जाणकार कारागीर थेट विजेला जोडत नाही. प्रथम डोळ्यांनी तपासणी होते. पुढे यंत्राच्या वाटेत एक बल्ब मालिकेने जोडून, म्हणजे प्रचलित भाषेत 'सिरीज बल्ब' लावून, वीज दिली जाते. आत कोठे प्रवाह थेट जुळलेला असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. वीज बंद केल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे ते चारशे व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. तो योग्य रोधाद्वारे उतरवून, मीटरने खात्री करून मगच हात घातला जातो. हे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे हातानेच आले आहे आणि त्यात हयगय झाल्यास प्राणाशी गाठ पडते.

जुन्या यंत्रातील बिघाड बहुधा ठरावीक ठिकाणी आढळतात. विद्युत-अपघटनी कपॅसिटरमधील द्रव कालांतराने सुकतो. मग सरळ केलेल्या प्रवाहातील चढउतार दाबले जात नाहीत आणि आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेमुळे १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. कागद व मेण यांचे जुने कपॅसिटर गळू लागतात. त्यांतून आलेला दाब अंतिम व्हॉल्व्हच्या जाळीवर पोहोचला की व्हॉल्व्हची पट्टी लाल होते व शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. कार्बनचे रोध वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आपले मूल्य बदलतात. व्हॉल्व्हच्या बैठकी गंजतात. पेन्सिलीने हलकेच ठोकल्यावर ध्वनिक्षेपकातून टणत्कार आला तर त्या व्हॉल्व्हचे आतील भाग सैल झाले आहेत असे समजतात.

या प्रत्येक बिघाडाला व प्रत्येक उपायाला काळाची खूण असते. अनेक अमेरिकी भागांवर छापलेल्या अंकांत उत्पादकाचा क्रमांक, वर्ष व आठवडा यांचा निर्देश असतो. सर्व भाग एकाच वर्षाचे असतील आणि एक कपॅसिटर वीस वर्षांनंतरचा असेल तर त्या वर्षानंतर केव्हातरी यंत्र उघडले गेले हे निश्चित होते. कारखान्यातील डाख व नंतर लावलेला डाख यांत फरक दिसतो. मूळ व्हॉल्व्हच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह बसविण्यासाठी बैठकीच्या तारा बदलल्या असतील तर मूळ भाग त्या काळी मिळत नव्हता किंवा परवडत नव्हता, असे अनुमान निघते. आयात-नियंत्रणाचे धोरण अधिनियमाच्या पुस्तकात वाचता येते. त्याचा परिणाम मात्र अशा बदललेल्या तारांत दिसतो. कोसंबींना नाण्याच्या झिजेने जे सांगितले, तशा प्रकारची माहिती यंत्राच्या पोटातील हे थर देऊ शकतात.

५. जतन की नूतनीकरण?
जुन्या यंत्राला पुन्हा बोलते करताना दोन मूल्यांचा संघर्ष उभा राहतो. सुरक्षिततेसाठी काही भाग बदलणेच योग्य असते. दोन पिनांच्या जुन्या वायरीऐवजी भूसंपर्क असलेली तीन पिनांची वायर बसविणे, गळके कपॅसिटर काढणे यांबाबत दुमत संभवत नाही. मात्र सर्व जुने भाग उपटून नवे बसविले तर यंत्र वाजेल, पण त्याचा इतिहास मुका होईल.

गिटारच्या क्षेत्रातील एक अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. फेंडर कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या उद्योगसमूहाने विकत घेतली. त्यानंतरच्या रुपेरी दर्शनी पट्टीच्या अ‍ॅम्प्लिफायरांपेक्षा आधीचे काळ्या पट्टीचे अ‍ॅम्प्लिफायर सरस, असा समज रूढ झाला. परिणामी अनेक कारागिरांनी रुपेरी पट्टीच्या यंत्रांचे मंडल बदलून ते जुन्यासारखे केले. कालांतराने रुपेरी पट्टीच्या मूळ यंत्रांनाही स्वतंत्र मोल आले. तोवर कित्येक यंत्रांतील मूळ रचना गेलेली होती. एका पिढीची अभिरुची प्रमाण मानून केलेली दुरुस्ती पुढील पिढीचा पुरावा कसा पुसते, हे यावरून ध्यानात येते.

या प्रश्नाला व्यवहार्य उत्तर आहे. बदल शक्यतो असा करावा की तो पुढे उलटविता येईल. काढलेला भाग फेकून न देता चिठ्ठी लावून यंत्रासोबत ठेवावा. कपॅसिटरचे जुने आवरण रिकामे करून त्यात नवा भाग बसविता येतो, त्यामुळे बाह्य रूप कायम राहते. परंतु तसे केल्याची नोंद नसेल तर तीच गोष्ट पुढील अभ्यासकाची दिशाभूल करील. म्हणून कामापूर्वीची छायाचित्रे, मोजलेले दाब, बदललेल्या भागांची यादी व तारीख यांची लेखी नोंद हा जतनाचा गाभा मानला पाहिजे.

गिटारवादकांच्या मागणीमुळे व्हॉल्व्हचे उत्पादन जगातून पूर्णतः थांबलेले नाही. रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील मोजक्या कारखान्यांवर ते दीर्घकाळ अवलंबून राहिले. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे हा पुरवठा विस्कळीत झाला व भाव चढले. संगीताच्या बाजारपेठेने टिकविलेला हा भागांचा पुरवठा आपल्याकडील जुन्या सभा-ध्वनिवर्धकांनाही उपयोगी पडू शकतो. मात्र मागणी नसल्याने त्यांची रवानगी भंगारात होते. ट्रान्सफॉर्मरमधील तांब्याचे वजन करून त्यांची किंमत ठरते.

६. महाविद्यालयांची भूमिका
या कामासाठी एकाच विद्याशाखेचे ज्ञान पुरेसे नाही. मंडल समजून घेण्यास भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स, सनावळी लावण्यास इतिहास, भाड्याने मंडप व ध्वनिव्यवस्था पुरविण्याच्या व्यवसायाचा अभ्यास करण्यास वाणिज्य आणि 'कर्णा', 'डाख', 'युनिट', 'वाइंडिंग' यांसारखी कारागिरांची शब्दसंपदा नोंदविण्यास मराठी विभाग, असा सहयोग आवश्यक आहे. ग्रामीण महाविद्यालयाच्या परिसरात जुने मंडपवाले व रेडिओ दुरुस्त करणारे वृद्ध कारागीर आढळण्याचा संभव अधिक असतो. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, देवस्थाने, शाळा व ग्रामपंचायती यांच्याकडे पडून असलेल्या यंत्रांची सूची करणे आणि एखादे यंत्र नोंदीसह दुरुस्त करणे हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सार्थ प्रकल्प होऊ शकतो. उच्च दाबाचे काम मात्र अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे.

ध्वनिवर्धकाच्या इतिहासाची दुसरी बाजूही या अभ्यासात यावी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये लागू झाले आणि १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वपूर्ण निर्णय दिला. ज्या यंत्राने दुर्बलाचा शब्द दूरवर नेला त्यानेच शांततेचा हक्क हिरावला, हा अंतर्विरोध इतिहासकाराने नजरेआड करता कामा नये.

निष्कर्ष :
१) सभामंडपातील ध्वनिवर्धक व गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर यांचे तंत्र एकाच कुळातील आहे. एकाच्या जतनासाठी विकसित झालेले ज्ञान दुसऱ्यासही उपयुक्त ठरते.
२) यंत्रातील बदललेले भाग, डाख व तारा हे आर्थिक धोरण, टंचाई व स्थानिक कौशल्य यांचे पुरावे होत.
३) दुरुस्ती करणारा कारागीर लिखित साधनांत क्वचितच आढळतो. त्याचे कार्य यंत्रातून व मौखिक साधनांतून शोधावे लागते.
४) नोंद न ठेवता केलेले नूतनीकरण ऐतिहासिक पुराव्याची हानी करते. उलटविता येणारी व नोंदविलेली दुरुस्ती हाच जतनाचा योग्य मार्ग आहे.

राजवाड्यांच्या काळी दप्तराच्या वाचनासाठी मोडी जाणणारे पुष्कळ होते, दप्तरे मात्र नष्ट होत होती. ध्वनिवर्धकांच्या बाबतीत यंत्र आणि ते वाचू शकणारा जाणकार, दोन्ही एकाच वेळी नाहीसे होत आहेत. कपॅसिटर नवा मिळेल, व्हॉल्व्हही मिळेल. परंतु टणत्कार ऐकून सैल व्हॉल्व्ह ओळखणारा कान आणि डाखाच्या रंगावरून जुने काम ताडणारी नजर बाजारात मिळणार नाही. म्हणून यंत्रांच्या सूचीपेक्षाही कारागिरांच्या भेटीगाठींना अग्रक्रम देणे, ही या विषयाची तातडीची गरज आहे.